फिन, आयसीटी आणि ‘कॅन लाह’ : सिंगापूरच्या वाचकांची पत्रं

गेल्या अंकात सिंगापुरात भाड्याचं घर शोधण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत घराबद्दल विचारणारे थोडे आणि आद्याक्षरांनी बेजार झालेले जास्त निघाले. शब्दन्‌शब्द ओळखीचा असतो, तरी बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते हाती लागत नाही, असं बहुतेकांनी लिहिलंय. माझी नोकरी इथल्या एका कंपनीच्या पगार विभागात झाली, त्यामुळे सरकारी आद्याक्षरं रोज हाताखालून जायची. राहते टॅम्पिनिसला. एका बाजूला हॉक्किएन ही चिनी बोली बोलणाऱ्या आजी, दुसऱ्या बाजूला मलय कुटुंब, म्हणून बोलीही कानावर पडत राहिली. पत्रं थोडी कापून छापली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

ताई, लग्न करून पुंगोलला आले. ह्यांचा ईपी (नोकरीचा एम्प्लॉयमेंट पास) आहे, माझा डीपी (कुटुंबीयांचा डिपेंडंट्स पास). बँकेत ‘फिन’ मागतात, काही ठिकाणी ‘आयसी’ मागतात. मला नोकरी करायची आहे. एक मैत्रीण म्हणते एलओसी काढ, दुसरी म्हणते ते बंद झालं. शिवाय ह्यांच्या पगारातून सीपीएफ कापतच नाहीत. कंपनी काही लपवत तर नाही ना?

आधी शेवटचा प्रश्न, कारण काळजी त्याचीच दिसते. कंपनी काही लपवत नाही. सीपीएफ, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड, १९५५ पासून आहे, पण तो नागरिकांसाठी आणि पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालेल्यांसाठी. ईपीवाल्यांचा सीपीएफ कापत नाहीत आणि कंपनीही आपला वाटा भरत नाही. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या नागरिकाच्या पगारातून २० टक्के जातात आणि मालक वरून १७ टक्के भरतो. पीआर झाल्यावर पहिली दोन वर्षं हे दर कमी असतात, मग पूर्ण लागू होतात. तेव्हा आज ह्यांच्या हातात पूर्ण पगार येतोय तो चुकून येत नाही. मात्र म्हातारपणाची सोय तुमची तुम्हालाच करायची आहे, त्याचा विचार दोघांनी बसून आत्ताच करा.

आता फिन. फॉरेन आयडेंटिफिकेशन नंबर. पुढे एक अक्षर, मागे एक अक्षर, मधे सात आकडे. नागरिक आणि पीआर यांच्याकडे एनआरआयसी, म्हणजे राष्ट्रीय ओळखपत्राचा नंबर, असतो, त्याच्या जागी आपल्याकडे फिन. लोक सवयीनं सगळ्यांनाच ‘आयसी नंबर’ विचारतात, तिथे बिनधास्त फिन सांग. त्या नंबरावर सिंगपास काढून घे. एमओएम, म्हणजे मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवर, असो, करखातं असो की बँक, सगळ्यांची कामं त्याच एका लॉगिननं होतात. नवऱ्याच्या सिंगपासवर विसंबून राहू नकोस. तुझी कागदपत्रं तुला स्वतःला उघडता आली पाहिजेत.

एलओसी म्हणजे लेटर ऑफ कन्सेंट. पूर्वी डीपीवरच्या बायकांना कंपनीनं एमओएमकडून एक पत्र काढून दिलं की काम करता यायचं. १ मे २०२१ पासून ते नोकरीसाठी चालत नाही. आता तुला नोकरी देणाऱ्या कंपनीला तुझ्यासाठी वेगळा वर्क पास काढावा लागतो, ईपी, एस पास किंवा वर्क परमिट, जो बसेल तो. स्वतःचा व्यवसाय असलेल्या काही डीपीधारकांसाठीच एलओसी उरलंय, त्याच्याही अटी आहेत. तुझ्या पहिल्या मैत्रिणीची माहिती जुनी आहे. इथे नियम भराभर बदलतात आणि आद्याक्षरं तीच राहतात, म्हणून ऐकीव गोष्टीवर अर्ज करू नकोस. एमओएमच्या संकेतस्थळावर त्या दिवशी जे लिहिलेलं असेल तेवढंच खरं धर. आणि मुलाखतीत पास कोणता लागेल हे पहिल्याच भेटीत विचार, त्यात संकोच नको. अनेक कंपन्यांना तो खर्च आणि ती खटपट नको असते. ते तीन फेऱ्या झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीममधला एक जण अचानक दोन आठवडे गायब. विचारलं तर उत्तर मिळालं, “ही गो आयसीटी.” मला वाटलं कसलं तरी प्रशिक्षण असेल, आयटीचंच. मग कळलं तो गणवेशात आहे! एमसी, केआयव्ही, ‘यू काना ॲरो’ हेही रोज ऐकतो. आणि बॉस ‘कॅन’ म्हणाला की तो हो म्हणतोय की नाही, हेच समजत नाही.

तुझा गोंधळ साहजिक आहे. तुझ्या क्षेत्रात आयसीटीचा अर्थ वेगळा. इथे आयसीटी म्हणजे इन-कॅम्प ट्रेनिंग. १९६७ पासून इथे मुलग्यांना एनएस, नॅशनल सर्व्हिस, सक्तीची आहे. साधारण दोन वर्षांची पूर्णवेळ सेवा संपते त्या दिवसाला ओआरडी म्हणतात. त्यानंतरही दरवर्षी काही दिवस बोलावणं येऊ शकतं, बहुतेकांना वयाच्या चाळिशीपर्यंत, अधिकाऱ्यांना पन्नाशीपर्यंत. एका वर्षात ते ४० दिवसांपर्यंत असू शकतं. तुझा सहकारी सुट्टीवर गेलेला नाही. परत आल्यावर त्याला “हॉलिडे कसा झाला” असं विचारू नकोस. त्याचं काम कुणी सांभाळलं ते सांग आणि त्याला शांतपणे रुळू दे.

ऑफिसातले निम्मे शब्द लष्करातूनच आलेले आहेत, हे एकदा ध्यानात आलं की बरंच सोपं जातं. ‘ॲरो’ त्यातलाच. बाण तुझ्याकडे वळला, म्हणजे नको असलेलं काम तुझ्या गळ्यात पडलं. ‘काना’ मलय, लागणं, वाट्याला येणं. ‘साबो’ म्हणजे दुसऱ्याला अडचणीत आणणं. ‘ओन टाइम ओन टार्गेट’ हा गोळीबाराच्या मैदानावरचा हुकूम, ऑफिसात त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं उरकावं.

केआयव्ही म्हणजे कीप इन व्ह्यू. तुझी सूचना केआयव्ही झाली, म्हणजे फेटाळली नाही, पण आता कुणी हात लावणार नाही. तिचा पाठपुरावा तुलाच करावा लागेल. पीआयसी म्हणजे पर्सन इन चार्ज. कामाच्या यादीत तुझ्या नावापुढे ही तीन अक्षरं दिसली तर जबाबदारी तुझी, मग बैठकीला तू असलास काय, नसलास काय.

एमसीकडे मात्र नीट लक्ष दे. एमसी म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट, आणि इथे ते कागदाचंही नाव आहे आणि सुट्टीचंही: “शी ऑन एमसी.” ताप आला, घरी झोपलो, दुसऱ्या दिवशी सांगितलं, असं इथे चालत नाही. आजारी असशील त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, एमसी घे आणि लगेच कळव. कायद्यानं सहा महिने नोकरी झाल्यावर वर्षाला १४ दिवस आजारपणाची भरपगारी रजा मिळते. रुग्णालयात राहावं लागलं तर ती ६० दिवसांपर्यंत जाते, त्यात ते १४ धरलेले असतात. पगार विभागात बसून मी किती तरी नव्या मुलांचा पगार या एका कागदापायी कापला जाताना पाहिलाय. आजार खरा होता, कागद नव्हता.

‘कॅन’बद्दल पुढच्या एका पत्रात सविस्तर लिहिते, कारण तिथे तो प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तुझ्यापुरतं एवढं बघ: बॉस “कॅन, कॅन” म्हणाला तर कामाला लाग. “सी हाऊ” म्हणाला तर अजून ठरलेलं नाही. “नेक्स्ट टाइम लाह” म्हणाला तर नाही. ‘नेक्स्ट टाइम’ म्हणजे इथे पुढची खेप नव्हे, पुढे कधीतरी. तसंच ‘लास्ट टाइम’ म्हणजे पूर्वी. “लास्ट टाइम आय स्टे बिशान” याचा अर्थ तो पूर्वी बिशानला राहायचा.

मुलाकडे आलो आहे. वय बहात्तर, मधुमेह. सकाळी खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, कॉफी प्यायला जातो, पण दरवेळी गोडमिट्ट येते. “नो शुगर” म्हटलं तरी गोड! रिकामं टेबल दिसलं म्हणून बसलो, तर एका मुलीनं येऊन टेबलावरच्या टिशूच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. मला वाईट वाटलं.

काका, त्या मुलीचा राग मानू नका. तिनं टेबल ‘चोप’ केलं होतं. टिशूचं पाकीट, छत्री, ऑफिसचं ओळखपत्र, काहीही ठेवलं की ती जागा त्या माणसाची, आणि तो निश्चिंतपणे रांगेत जाऊन उभा राहतो. कायद्यात हे कुठे नाही, पण पाळतात सगळे. तुम्हीही तसंच करा, कुणी उठवणार नाही. खाऊन झालं की ट्रे आणि भांडी मात्र नेमलेल्या जागी स्वतः नेऊन ठेवायची. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ते सक्तीचं आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, पुन्हा सापडलं तर ३०० डॉलर दंड.

आता कॉफी. तुम्ही “कोपी” म्हणता, आणि नुसत्या कोपीत घट्ट गोड कंडेन्स्ड दूध असतं. साखर न घालताही ती गोडच राहणार. तुम्ही “कोपी-सी कोसोंग” म्हणा. ‘सी’ म्हणजे गोड नसलेलं आटवलेलं दूध, ‘कोसोंग’ मलय, म्हणजे रिकामं, साखर नाही. दूध नकोच असेल तर “कोपी-ओ कोसोंग”. ‘ओ’ हॉक्किएन, काळी. मात्र नुसती ‘कोपी-ओ’ मागितली तर काळी पण साखरेची येते, म्हणून कोसोंग विसरायचं नाही. बरोबरच्या मंडळींसाठी: कमी गोड ‘सिउ दाय’, कडक ‘गाउ’, पातळ ‘पो’, बर्फाची ‘पेंग’. चहाला हेच सगळं ‘तेह’च्या पुढे लावायचं. आल्याचा चहा हवा असेल तर भारतीय मुस्लिमांच्या स्टॉलवर ‘तेह हालिया’ मिळतो, पण तो गोड असतो, तुमच्यासाठी आधी सांगून करून घ्या. बांधून न्यायचं असेल तर ‘दाबाओ’.

एका भांड्यात तीन-चार भाषा कशा नांदतात ते या कॉफीच्या ऑर्डरीत ऐकू येतं. मला ती फार आवडते. २०२० मध्ये युनेस्कोनं इथल्या हॉकर संस्कृतीला वारसा यादीत घेतलं, ते मला योग्य वाटलं.

आणि काका, खिशात एक चिठ्ठी ठेवा: रुग्णवाहिका ९९५, पोलिस ९९९. रुग्णालयात तातडीच्या विभागावर ‘ए अँड ई’ (ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी) अशी पाटी असते, ‘इमर्जन्सी’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी मोठा लिहिलेला सापडेलच असं नाही.

टॅक्सीवाल्याला “ईसीपी” म्हटलं, तो म्हणाला “पार्क ऑर एक्सप्रेसवे?” मित्रानं “शनिवारी जेबीला जाऊ” म्हटलं, हे कुठलं स्टेशन?

ईसीपी म्हणजे ईस्ट कोस्ट पार्कवे हा रस्ता, आणि त्याला लागून असलेल्या ईस्ट कोस्ट पार्क या बागेलाही लोक तेच म्हणतात. ड्रायव्हरनं बरोबर विचारलं. बाकी तीन अक्षरं आणि शेवटी ‘ई’ असलं की बहुधा एक्सप्रेसवे: पीआयई, एवायई, सीटीई, केपीई. अपवाद सीओई, ती गाडी बाळगण्याची परवानगी. दहा वर्षांपुरती, लिलावात घ्यावी लागते, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटात ती दीड लाख डॉलरवर गेली होती. एएमके म्हणजे आंग मो किओ, सीसीके म्हणजे चोआ चू कांग. जेबी हे स्टेशन नाही. ते जोहोर बाहरू, मलेशियातलं शहर. पासपोर्ट घेऊन जा.

मुलगी आठ वर्षांची, सरकारी शाळेत. घरी येऊन म्हणते, “मम्मी, कॅनॉट लाह”, “व्हाय यू नेव्हर टेल मी?”, “ऑफ द लाइट”. तिचं इंग्रजी बिघडतंय असं वाटून मी प्रत्येक वाक्य सुधारते. ती आता माझ्याशी कमी बोलते. शिवाय शाळेत एमटीएल म्हणून हिंदी घ्यावी लागली. मराठीचं काय?

तुमच्या पत्रातलं “ती आता माझ्याशी कमी बोलते” हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कृपा करून सुधारणं थांबवा. आजपासून.

ती जे बोलते ते मोडकं इंग्रजी नाही. सिंग्लिशला, म्हणजे सिंगापूरच्या या बोलीतल्या इंग्रजीला, तिचे नियम आहेत, आणि ते तुमच्या मुलीला तुमच्यापेक्षा नीट कळतात. वाक्याच्या शेवटी येणारे ते छोटे आवाज पाहा. “कॅन लाह”, होईल हो, काळजी कशाला. “कॅन मेह?”, खरंच होईल का, मला नाही वाटत. “कॅन लोर”, होईल, आता दुसरं काय करणार. “कॅन लेह”, तुम्ही नाही म्हणता, पण होतंय की. “कॅन होर?”, होईल ना, चालेल ना. “कॅन ऑर नॉट?”, सरळ प्रश्न. आपण मराठीत हेच करतो. ‘ये’, ‘ये ना’, ‘ये की’, ‘ये हं’, ‘ये बरं’: क्रियापद तेच, बोलणाऱ्याचा जीव त्या शेवटच्या अक्षरात. परक्याला यांतला फरक शिकवायला किती दिवस लागतील याचा विचार करा. तुमच्या लेकीनं तो खेळाच्या मैदानावर आपोआप उचलला. ‘ऑफ द लाइट’मधे क्रियापद नाही असं तुम्हाला वाटतं, पण इथे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हीच क्रियापदं आहेत. ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही असं नाही, नुसतं सांगितलं नाहीस एवढंच. चिनी, मलय, तमिळ बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, इंग्रजी हे एकमेकांशी बोलायचं साधन झालं, आणि प्रत्येकानं आपली वाक्यरचना त्यात ओतली. ब्लॉकखालच्या छोट्या दुकानाला ‘मामा शॉप’ म्हणतात, तो मामा तमिळमधून आला. आपल्याला तो ऐकून परका वाटू नये.

तुमची भीती निराधार आहे असं मी म्हणत नाही. सरकारलाही ती होती. २००० मध्ये पंतप्रधान गोह चोक टोंग यांच्या काळात ‘स्पीक गुड इंग्लिश’ ही मोहीम सुरू झाली. पण २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात ‘शिओक’ (झकास), ‘साबो’ आणि चक्क ‘एचडीबी’ (सरकारी घरं बांधणारं मंडळ) सुद्धा आले. माझ्या ब्लॉकमधली मुलं लिफ्टमध्ये एक इंग्रजी बोलतात आणि वर्गात उभं राहून दुसरं. दोन्ही येणं ही तिची मिळकत आहे. शाळेत लिहिलेलं तपासायला शिक्षक आहेत, आणि सहावीच्या शेवटी पीएसएलई नावाची मोठी परीक्षा आहेच. २०२१ पासून तिथे प्रत्येक विषयाला एएल १ ते एएल ८ असा दर्जा मिळतो आणि चार विषयांची बेरीज जितकी कमी तितकी चांगली. हे आपल्याला उलटं वाटतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ऑफिसात एएल म्हणजे वार्षिक रजा, तिथे गल्लत नको.

एमटीएल म्हणजे मदर टंग लँग्वेज. चिनी, मलय, तमिळ या शाळेच्या. भारतीय मुलांना त्याशिवाय बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू घेता येतात. यादीत मराठी नाही. म्हणून बहुतेक मराठी घरांतली मुलं हिंदी घेतात आणि सरकारी कागदावर तीच त्यांची ‘मातृभाषा’ होते. हे मला आजही टोचतं. पण याचा अर्थ असा की तिचं मराठी शाळेच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. इंग्रजी सुधारण्यात जाणारा सगळा वेळ तिच्याशी मराठीत बोलण्यात घालवा. ती “कॅनॉट लाह” म्हणाली की “का गं, काय झालं?” एवढंच विचारा. तिनं सिंग्लिशमध्ये उत्तर दिलं तरी ऐकून घ्या. ती पुन्हा बोलायला लागेल, मराठीही त्याच बोलण्यातून येईल.

आम्ही पीआरसाठी अर्ज करतोय. मुलगा अकरा वर्षांचा. एजंट म्हणतो एनएसचं नंतर बघू.

नंतर बघू नका, अर्जावर सही करण्याआधी बघा. नोकरीच्या जोरावर स्वतः पीआर झालेल्या तुम्हाला एनएस नाही. पण तुमच्या अर्जात मुलगा पीआर झाला, तर त्याला आहे. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, मग साधारण दोन वर्षं. सेवा न करता त्यानं पीआर सोडलं, तर पुढे त्याला इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं झाल्यास त्या अर्जावर परिणाम होतो, आणि तुमच्या आरईपीच्या, म्हणजे रि-एंट्री परमिटच्या, नूतनीकरणातही ते मोजलं जाऊ शकतं. सेवा वाईट असं मी म्हणत नाही. शेजारच्या मलय कुटुंबातला मुलगा ओआरडी करून आला तेव्हा आम्ही सगळ्या मजल्यानं जेवण केलं होतं. पण निर्णय मुलाच्या दोन वर्षांचा आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्याला समोर बसवून सांगा, आणि त्याचं म्हणणं ऐकल्यावर ठरवा. एजंटची फी त्यानंतर.

आम्ही कायमचे परत चाललोय. एचआरनं ‘आयआर २१’ म्हणून शेवटचा पगार अडवला. हा अन्याय आहे का?

नाही. परदेशी माणूस नोकरी सोडतो तेव्हा मालकानं किमान एक महिना आधी करखात्याकडे, म्हणजे आयआरएएसकडे, हा अर्ज भरायचा असतो आणि कराचा हिशेब होईपर्यंत देणं असलेली सगळी रक्कम थांबवायची असते. हिशेब झाला की कर वजा करून उरलेले पैसे मिळतात. तुम्ही एवढंच करा: शेवटच्या महिन्याचं भाडं, सामानाची वाहतूक आणि विमानाची तिकिटं यांचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि इथलं बँक खातं ती रक्कम जमा होईपर्यंत बंद करू नका.